‘मिजेट गोल्फ’ असं बोर्डावर लिहावं का? नाव कुठून आलं, आणि कोर्स बांधताना काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेनला राहणाऱ्या एका ताईंनी लेकीचा वाढदिवस तिथल्या ‘मिजेटगोल्फ’वर, म्हणजे अडथळ्यांच्या छोट्या गोल्फवर, ठेवला आणि मराठी मंडळींना तसंच आमंत्रण पाठवलं, तर अमेरिकेतल्या मैत्रिणीने लगेच कळवलं की हा शब्द वापरू नकोस, तो लोकांना दुखावणारा आहे. त्यात ताईंचा भाऊ पानशेतजवळ त्याच्या कृषी पर्यटन केंद्रात असाच छोटा कोर्स करतोय आणि बोर्डावर हेच नाव रंगवून घेणार आहे. तर हॉलंडभर हाच शब्द लिहिलेला असताना तो वाईट कसा, आणि भावाने मग काय लिहायचं?

मी गोल्फ कोर्सवर ग्रीनकीपिंगपासून, म्हणजे हिरवळ सांभाळण्यापासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं रिसॉर्टवाल्यांसाठी मिनीगोल्फचे कोर्स बांधतोय, त्यामुळे नावाबद्दलही सांगतो आणि बांधकामाबद्दलही, कारण माझ्या मते दोन्ही गोष्टी एकच आहेत.

ताई, तुमची मैत्रीण बरोबर बोलली. भावाला सांगा रंगाऱ्याला थांबव, ‘मिनीगोल्फ’ लिही. हा शब्द आपल्याकडे पोरांनाही कळतो आणि जगात बहुतेक ठिकाणी हाच चालतो.

आता कारण. बऱ्याच लोकांना वाटतं की मिजेट म्हणजे लहान, गोल्फ लहान म्हणून मिजेट गोल्फ, एवढं साधं आहे. तसं नाहीये. इंग्रजीत हा शब्द एका चिलटासारख्या बारीक किड्याच्या नावावरून आला, आणि एकोणिसाव्या शतकात तो रुळला तो जत्रा, सर्कस आणि तिकीट लावून माणसं दाखवायच्या तंबूंमुळे. त्या धंद्यातली मंडळी कमी उंचीच्या माणसांचे सरळ दोन भाग करायची, ज्यांचे हातपाय धडाच्या प्रमाणात आहेत ते मिजेट आणि ज्यांचे नाहीत ते ड्वार्फ. म्हणजे आपण बाजारात आंब्याची प्रतवारी करतो तशी माणसांची प्रतवारी, तिकिटाचा दर ठरवायला. तेव्हा हा शब्द आधी माणसांवर चिकटवलेला आहे आणि मग तिथून वस्तूंवर, खेळावर आलाय.

गोल्फवर तो कसा आला ते बघा, कारण खेळाचा इतिहास आणि या शब्दाचा इतिहास एकमेकांना येऊन भिडतात. छोटा गोल्फ तसा जुना आहे, स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला बायकांसाठी १८६७ मध्ये पटिंगचा, म्हणजे बॉल हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा क्लब निघाला, तेव्हा बाईमाणसाने खांद्याच्या वर काठी उचलून फटका मारणं शोभत नाही असं मानत म्हणून त्यांना फक्त पटिंगचं हिरवळीचं मैदान दिलं. ते चढउतारांचं मैदान अजून आहे, त्याला ‘हिमालयाज’ म्हणतात. पण त्याला कोणी मिजेट म्हणालं नव्हतं. पुढे १९२० च्या दशकात फेअरबर्न नावाच्या माणसाने सरकीची टरफलं, वाळू, तेल आणि रंग मिसळून, दाबून असा पृष्ठभाग बनवला की त्यावर हिरवळीसारखा बॉल सरकतो आणि पाणी घालायला लागत नाही. आमच्या धंद्यात याहून मोठा शोध क्वचितच लागला असेल, कारण त्यामुळेच कोर्स गवत सोडून कुठेही नेता आला, न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवर दीडशेच्या आसपास कोर्स झाले.

मग आला गार्नेट कार्टर. टेनेसी आणि जॉर्जियाच्या सीमेवर लुकआउट माउंटन म्हणून डोंगर आहे, तिथे त्याचं हॉटेल होतं, फेअरीलँड नावाचं. पाहुण्यांना वेळ घालवायला त्याने छोटा कोर्स केला, पोकळ ओंडके, पाइप, खडकांचे बोगदे, आणि त्याच्या बायकोने, फ्रीडाने, परीकथेतले बुटक्यांचे पुतळे मध्ये मध्ये उभे केले. त्याला नाव दिलं ‘टॉम थंब गोल्फ’, १९२७ च्या सुमारास, आणि तयार कोर्स विकायला काढले. मंदीच्या पहिल्या वर्षात लोकांकडे पैसे नव्हते पण संध्याकाळी थोड्या सेंटांत खेळ मिळतोय म्हटल्यावर देशभर लाट आली, १९३० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत २५,००० च्या वर कोर्स असल्याचा अंदाज होता. त्या गर्दीत वर्तमानपत्रांनी खेळाला दहा नावं दिली आणि त्यातलं एक मिजेट गोल्फ. ऑस्ट्रेलियापर्यंत हेच नाव गेलं.

टॉम थंब हा मुळात इंग्रजी लोककथेतला अंगठ्याएवढा मुलगा, आणि कार्टरच्या हॉटेलचं नाव बघता त्याच्या डोक्यात परीकथाच असणार. पण अमेरिकन माणसाला ‘टॉम थंब’ म्हटलं की आणखी एक चेहरा आठवायचा, चार्ल्स स्ट्रॅटन. हा कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचा मुलगा, जन्म १८३८ चा. १८४२ मध्ये बार्नम नावाच्या, तिकीट लावून माणसं दाखवणाऱ्या धंदेवाल्याने त्याला घेतला तेव्हा पोर पाच वर्षांचंही नव्हतं, उंची २५ इंच, आणि बार्नमने जाहिरात केली की हा अकरा वर्षांचा आहे आणि इंग्लंडहून आणलाय, कारण लहान मुलगा लहान दिसला तर तिकीट कोण काढणार. त्याला ‘जनरल टॉम थंब’ करून गाणी म्हणायला लावली, नेपोलियनच्या नकला करायला लावल्या, १८४४ मध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर नेलं. मला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे की स्ट्रॅटन काही बिचारा नव्हता, तो मोठा कलाकार झाला, भरपूर कमावलं, आणि पुढे बार्नम कर्जात बुडाला तेव्हा यानेच दौऱ्यावर जाऊन त्याला हात दिला. माणूस मोठाच होता. पण त्याच्या पाठोपाठ जे सुरू झालं ते काही सगळं असं नव्हतं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ड्रीमलँड नावाच्या करमणूक पार्कात ‘लिलिपुटिया’ वसवलं, अर्ध्या मापाच्या घरांचं गाव, आणि त्यात तीनशेच्या आसपास कमी उंचीची माणसं आणून ठेवली, लोक तिकीट काढून त्यांना राहताना बघायचे. त्यांचा स्वतःचा अग्निशमन दलाचा बंब होता, तो बाहेर पडला की लोक हसायचे. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात परत तेच, आणि त्या गावाचं नावच होतं ‘मिजेट व्हिलेज’.

आता तारखा शेजारी ठेवा. १९३० मध्ये मिजेट गोल्फ, १९३३ मध्ये मिजेट व्हिलेज. ज्या करमणुकीच्या धंद्यात माणसं मांडून ठेवली जात होती त्याच धंद्याच्या तोंडातला शब्द आमच्या खेळाला लागला, आणि तो धंदा माझाही आहे म्हणून मला हे लागतं. माझ्या कोर्सच्या बोर्डावर तो शब्द नको.

आणि ज्यांच्यावर तो चिकटवला त्यांचं काय म्हणणं आहे ते बघायला पाहिजे, बाकी आपण कितीही अर्थ लावले तरी. १९५७ मध्ये बिली बार्टी नावाच्या नटाने नेवाडातल्या रीनो शहरात कमी उंचीच्या लोकांना एकत्र बोलावलं, २१ जण आले. गंमत नाही, खरं सांगतो, त्या संघटनेच्या पहिल्या नावात हाच शब्द होता, कारण तेव्हा हाच शब्द सगळीकडे चालायचा. थोड्याच वर्षांत त्यांनी तो काढला आणि ‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’ केलं, म्हणजे प्रमाणबद्ध आणि अप्रमाणबद्ध अशी तंबूवाल्यांची फाळणी त्यांनी स्वतःच मोडली. २०१५ मध्ये तर त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की हा शब्द बंदच करा. शाळेत, बसमध्ये, रस्त्यावर हा शब्द मागून ओरडला जातो, कोणी तरी मोबाइल काढून फोटो घेतो, हे त्या लोकांचं रोजचं आहे. ज्याने तो मागून ऐकलाय त्याला पुढे बोर्डावर दिसला तर तो आत येईल का?

कोणी म्हणेल की जुने शब्द कोण बदलतंय. बदलतायत की. अमेरिकेच्या कृषी खात्यात बारीक बेदाण्याच्या प्रतीला हा शब्द होता, संघटनेने मागणी लावून धरली आणि २०१९ मध्ये तो नियमांतून गेला, आपल्या तासगाव सांगलीच्या बेदाणावाल्यांना हे वाचून नवल वाटेल. कॅनडात मुलांच्या आइस हॉकीत एका वयोगटाला हे नाव होतं, २०२० मध्ये तिथे सरळ वयाचा आकडा आला, अंडर १८. इंग्लंडमध्ये त्या नावाच्या गोळ्या मिळायच्या, एका मोठ्या दुकानसाखळीने २०२२ मध्ये पुडीवर ‘मिनी’ छापलं. गोळ्यांची चव तीच राहिली.

आता हॉलंडचा मुद्दा, कारण ताईंचा प्रश्न प्रामाणिक आहे. डच भाषेत हा शब्द इंग्रजीतून नुसता खेळाच्या नावात आला, माणसाबद्दल बोलायला त्यांचे शब्द वेगळे आहेत, त्यामुळे डच आजोबा नातवाला घेऊन पॅनकेकच्या हॉटेलशेजारच्या मिजेटगोल्फवर जातात तेव्हा त्यांच्या मनात कोणाचा अपमान नसतो. त्यांना जाऊन सुनवायची काही गरज नाही. पण इंग्रजी येणारा माणूस तो बोर्ड वाचतो तेव्हा त्याला ऐकू येतं ते इंग्रजीच, आणि आपण मराठी माणसं इंग्रजी शिकून तिकडे जातो, डच शिकून नाही. आपल्या पोरांनी तो शब्द तिथे सहज उचलला आणि उद्या शाळेच्या ट्रिपला इंग्लंडमध्ये किंवा मामाकडे न्यू जर्सीला म्हटला तर कोणाला लागेल. म्हणून घरात मिनीगोल्फ म्हणा, डच माणसालाही ते कळतं.

बाकी देशांत वेगवेगळं आहे. ब्रिटनमध्ये समुद्रकिनारी ‘क्रेझी गोल्फ’ लिहिलेलं असतं, हेस्टिंग्जला त्याची जागतिक स्पर्धाही होते. स्वीडनमध्ये बानगोल्फ. पट-पट हे नाव खूप लोक वापरतात पण ते अमेरिकेतल्या एका कंपनीचं आहे, डॉन क्लेटनने १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात काढलेल्या, त्यामुळे धंद्याच्या बोर्डावर नको. ‘मिनीगोल्फ’ हाही एके काळी ट्रेडमार्क होता. पॉल बोंग्नी हा जिनिव्हाचा माणूस, त्याने काँक्रीटच्या १२ मीटरच्या ठराविक लेन बनवल्या, पहिला कोर्स स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनाला १९५४ मध्ये उघडला. त्याचा नियम मला अजून आवडतो की प्रत्येक लेन एका फटक्यात पूर्ण करता आलीच पाहिजे, म्हणजे नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा. आज स्पर्धांमध्ये एका लेनवर जास्तीत जास्त सहा फटके, तरी नाही गेला तर एक दंडाचा धरून सात लिहितात. भावाने हाच नियम ठेवावा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी एकेक कुटुंब एका होलवर अडकून बसतं आणि मागे रांग लागते.

मराठी नाव पाहिजेच असेल तर ‘छोटा गोल्फ’ ठेवा. ‘बुटका गोल्फ’, ‘ठेंगू गोल्फ’ असलं काही कृपा करून नको, वामन पण नको, कारण परत आपण माणसाच्या शरीरावरच जातोय. भाऊ शेतीवाला आहे, तो म्हणेल आम्ही केळीची ठेंगणी जात म्हणतो, बुटका नारळ म्हणतो, त्याचं काय. झाडाला म्हणा की, झाडाची उंची सांगायला तो साधा शब्द आहे आणि झाडाला कोणी त्यावरून चिडवत नाही. पण ‘बुटकबैंगण’ हे आपल्या शाळांमध्ये कोणाला म्हणतात आणि कसं म्हणतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केल्यापासून सर्कशीचा मोठा वारसा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण त्याच तंबूत कमी उंचीचा माणूस म्हणजे जोकर हेही आपल्या डोक्यात पक्कं बसलं. अजून लग्नाच्या हॉलच्या दारात, हॉटेलच्या दारात अशा माणसाला रंगीत कपडे घालून उभं करतात आणि पाहुणे त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत जातात. चाळिशीचा माणूस असतो हो तो, घरी पोरंबाळं असतात. भावाला उद्घाटनाला कोणी इव्हेंटवाला असली आयडिया देईल, त्याला सरळ नाही म्हणायचं.

आपल्या कायद्यातही बघा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात कमी उंची हाही प्रकार आहे, प्रौढ वयात उंची ४ फूट १० इंच म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा कमी. त्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बोर्डावरून कोणी कलम लावेल असं मी म्हणत नाही, पण देशाने हे किती गांभीर्याने घेतलंय ते कळावं म्हणून सांगितलं. आणि खेळात तर आपल्याकडची नावं डोळ्यांसमोर आहेत, बॅडमिंटनमध्ये कृष्णा नागरने टोकियो पॅरालिम्पिकला सुवर्ण घेतलं, नवदीप सिंगने पॅरिसला २०२४ मध्ये भालाफेकीत सुवर्ण घेतलं, ४७.३२ मीटर. तिथल्या गटाला ‘शॉर्ट स्टेचर’ म्हणतात, आपण कमी उंचीचे खेळाडू म्हणू शकतो, किंवा सगळ्यात बरं म्हणजे नाव घेऊ शकतो.

आता बांधकाम, कारण नुसता बोर्ड बदलून उपयोग नाही. ज्या लोकांच्या नावावर हा खेळ चालला त्यांना तो खेळताच येत नाही असे कोर्स मी खूप पाहिलेत.

पहिलं पटर, म्हणजे बॉल ढकलायची काठी. साधारण ३४-३५ इंचाचे पटर मोठ्यांसाठी घेतात आणि २४-२८ इंचाचे मुलांसाठी, पण मुलांचे म्हणजे हलकं प्लॅस्टिकचं डोकं, लाल निळे रंग, त्यावर कार्टून. कमी उंचीच्या मोठ्या माणसाच्या हातात तो द्यायचा का? अकाँड्रोप्लेजिया, जो याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात प्रौढ उंची साधारण चार फुटांच्या आसपास असते पण हाताची ताकद मोठ्या माणसाचीच असते, त्याला मोठ्यांच्याच वजनाचं डोकं आणि आखूड दांडा लागतो. लोकल फॅब्रिकेटरकडून मोठ्यांच्या पटरचे दांडे कापून ग्रिप परत बसवून घ्या, काही पटर २६ चे काही २९ चे, रंग तेच ठेवा जे बाकीच्यांचे आहेत. दांडा कापला की डोकं हातात हलकं लागतं, म्हणून डोक्याला थोडी शिशाची पट्टी लावा. खर्च किरकोळ आहे. आणि हे पटर काउंटरच्या मागे लपवू नका, सगळ्यांबरोबर स्टँडवर ठेवा, म्हणजे मागावं लागत नाही. आठवीनववीतल्या मुलांनाही तेच सोयीचे पडतात.

दुसरं, वाकणं आणि चालणं. याच प्रकारात पुष्कळांना कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि कमरेच्या मणक्याचा त्रास असतो, उभं राहून चालून पाय बधिर होतात, मग थोडं बसलं की बरं वाटतं. म्हणून दर तीन-चार होलनंतर बाक ठेवा, आणि त्यातला एखादा १२-१४ इंच उंचीचा ठेवा, नेहमीच्या १८ इंचाच्या बाकावर बसलं की पाय लोंबकळतात आणि कंबर जास्त दुखते. बॉल काढायला होल फार खोल करू नका. शक्य असेल तिथे होलच्या खालून पाइप टाकून बॉल बाजूच्या खोक्यात येईल असं करा, गुडघे दुखणाऱ्या आजी पण तुम्हाला दुवा देतील.

तिसरं, उतार आणि कडा. अमेरिकेच्या नियमात मिनीगोल्फच्या निदान निम्म्या होलपर्यंत व्हीलचेअर गेली पाहिजे असं आहे, ती होल सलग पाहिजेत, आणि बॉल जिथे थांबू शकतो ती जागा वाटेपासून ३६ इंचांच्या आत पाहिजे, म्हणजे बसल्या जागेवरून काठी पोचते. आपल्याकडे कोणी विचारणार नाही तरी हे करा. पानशेतला जमीन उताराची आहे, लोक हौसेने पायऱ्या करतात, त्या पहिल्या नऊ होलला तरी टाळा, १२ ला १ पेक्षा तीव्र उतार नको. आणि पावसाळा लक्षात ठेवा, तिकडचा पाऊस म्हणजे टर्फखाली, म्हणजे कृत्रिम हिरवळीखाली, पाणी साचलं की एका सीझनमध्ये सगळं उचकटतं, लेनला आडवा एक-दोन टक्के ढाळ आणि खाली खडीचा थर पाहिजेच.

तिकीट काउंटरचा एक भाग ३० इंचांवर घ्या. स्कोअरकार्ड, पेन्सिल, हात धुवायचं बेसिन, पाण्याचा नळ, सगळं तिथवर. शाळेच्या सहली येतात तेव्हा पहिलीदुसरीच्या पोरांनाही तीच उंची सोयीची पडते, त्यामुळे यातलं काहीच वाया जात नाही.

आणि अडथळ्यांमध्ये बुटक्यांचे पुतळे नकोत. कॅटलॉगमध्ये ते फार स्वस्त मिळतात, टोपीवाले, दाढीवाले, दोन पायांमधून बॉल जातो असे. त्याऐवजी बैलगाडीचं चाक, मोट, उखळ, जातं, किल्ल्याचा दरवाजा करा, तोरणा राजगड समोर दिसतात तुमच्या भागातून, शेवटच्या होलला बालेकिल्ल्याचा चढ द्या. लोक फोटो त्याचेच काढतील.

ताई, आमंत्रणात वरती ‘मिनीगोल्फ पार्टी’ लिहा. पत्त्यात मात्र त्या जागेचं अधिकृत नाव आहे तसंच राहू द्या, नाहीतर लोक मॅपवर शोधत बसतील. लेकीने विचारलं की बोर्डावर वेगळं का लिहिलंय, तर तिला स्ट्रॅटनची गोष्ट सांगा, सात-आठ वर्षांच्या पोरांना ती चांगली कळते. आणि भावाला म्हणावं पटरचे दांडे कापायच्या आधी मला फोन कर, पकड कुठून मोजायची ते सांगतो.